ताठ्याचं माप

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालातली. पनवेलला पुढच्या वर्षी विमान उतरणार असं सगळे सांगत होते, ते साल. ही खूण फार कामाची नाही म्हणा, कारण त्याआधी दहा-बारा वर्षं विमान पुढच्याच वर्षी उतरत होतं. मग दुसरी खूण घ्या. विचुंब्याच्या बुधाजीशेठना झटका आला त्याला त्या शिमग्याला दोन वर्षं पुरी झाली.

झटका डाव्या अंगाला आला. पाय ओढत का होईना चालू लागला, तोंड जरा वाकडं झालं होतं ते सरळ झालं, आणि वाचा तर पहिल्या दिवसापासून शाबूत होती. "वाचा वाचली, नशीब समजा," असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बुधाजीशेठची बायको ठमाबाई विचारात पडली. कुणाचं नशीब, ते डॉक्टरांनी नेमकं सांगितलं नव्हतं.

राहिला डावा हात. तो महिनाभर लुळा होता, मग आखडू लागला. कोपरात दुमडून छातीशी आला, मनगट खाली वळलं आणि मूठ जी मिटली ती मिटलीच. रोज सकाळी ती मूठ उघडून तळवा धुवायचा आणि कोरडा करून आत काहीतरी कापड ठेवायचं, हे काम ठमाबाईचं. पहिल्या वर्षी मुठीत रुमालाची गुंडाळी जायची. दुसऱ्या वर्षी समईतल्या वातीएवढी कापडाची वळी जेमतेम शिरायची. तेवीस सालच्या चैत्रात उदबत्तीची काडीसुद्धा सरकेना. रुमाल, वात, काडी, अशी ठमाबाईची तीन मापं होती आणि त्या मापांनी हात कुठे चाललाय ते तिला रोज कळत होतं.

वैशाखात बोटांची नखं तळव्यात रुतली. जखम झाली, आणि पंधरा दिवसांत तिला वास यायला लागला. नेहमीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, मूठ उघडली नाही तर मनगटाशी स्नायूची दोरी कापावी लागेल. पण यांची साखर बघता मी कापा म्हणणार नाही, आणि कापू नका असंही म्हणणार नाही. इतका स्वच्छ सल्ला मिळाल्यावर ठमाबाई रात्रंदिवस त्या मुठीचाच विचार करू लागली.

बुधाजीशेठ म्हणजे माडासारखा माणूस. जवानीत मिठागरात वाकून मीठ ओढलं, तेव्हा काय वाकले असतील तेवढेच. पुढे मिठागर भरावाखाली गेलं, शेतात इमारती उभ्या राहिल्या, नावापुढे शेठ लागलं, आणि त्यानंतर ते कुणापुढे वाकल्याचं गावाला आठवत नाही. सख्ख्या धाकट्या भावाशी, काशिरामशी, ते एकोणीस वर्षं बोलत नव्हते. पाठीला पाठ लावून दोघांची घरं, मध्ये एक तुळस आणि दोन पाण्याच्या टाक्या. भांडण तसं मोठं होतं. दोन हजार चार साली काशिरामच्या मुलाचं लग्न निघालं. मोठ्या भावाच्या घरी अक्षत घेऊन धाकट्याने स्वतः यायचं, सुपारी त्याच्या हातावर ठेवायची, ही रीत. काशिरामने अक्षत मेव्हण्याच्या हाती पाठवली. काशिरामचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, बुधाजीशेठनाही ठाऊक होतं, कारण मोटारसायकलवरून पडलेल्या काशिरामला दवाखान्यात त्यांनीच उचलून नेलं होतं. पण प्लास्टर प्लास्टरच्या जागी आणि मान मानाच्या जागी.

ठमाबाईच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. मागच्या दारी काशिरामची स्कूटर वाजली की ह्यांच्या मुठीतली वात बाहेर ओढता येत नसे. स्कूटर लांब गेली की पुन्हा सुटायची. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. स्कूटरवर औषध देणारा डॉक्टर तिच्या पाहण्यात नव्हता.

तेवढ्यात सून हेतलने बातमी आणली. खांदा कॉलनीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नवीन यंत्र आलं होतं. लकवा झालेल्यांचे आखडलेले हात तिथे मोजत होते, आणि जे पुरेसे आखडलेले निघतील त्यांना सैल पडायचं महागडं इंजेक्शन फुकट देत होते. हेतलने नाव नोंदवलं, एक दिवस रजा घेतली आणि सासू-सासऱ्यांना गाडीत घालून घेऊन गेली.

यंत्राचे मालक म्हणजे शैलेश डॉक्टर. तिशीच्या आतबाहेरचे. त्यांनी ठमाबाईला समोर बसवून प्रेमाने समजावलं.

"आत्तापर्यंत काय व्हायचं आजी, डॉक्टर हात धरून वाकवायचे आणि अंदाजाने शून्य ते चार नंबर द्यायचे. एकाचा दोन, दुसऱ्याचा तीन. सगळं सब्जेक्टिव्ह! आता हे मशीन मोटारने मनगट सरळ करणार. आधी हळू, मग झटकन. हात जेवढा उलटा अडेल तेवढा आकडा. चाळीसच्या वर गेला तर इंजेक्शन. माणसाच्या मताचा संबंधच नाही. ऑब्जेक्टिव्ह."

"माज्याकडं पण मापं हायेत," ठमाबाई म्हणाली. "रुमाल, वात आन् काडी. आता काडी बी शिरंना."

शैलेश डॉक्टर गोड हसले आणि त्यांनी काहीही लिहिलं नाही. शेजारी आशालताबाई बसल्या होत्या. तीस वर्षं लकव्याच्या माणसांना व्यायाम देऊन देऊन ज्यांचे स्वतःचे खांदे गेले होते अशा. त्यांनी मात्र कागदाच्या कडेला पेन्सिलीने तीन शब्द लिहून घेतले.

मग फॉर्म आला. इंग्रजी फॉर्मचं मराठी कुणीतरी लांब बसून केलं होतं, आणि 'आखडलेपणा' हा शब्द त्याला काही सुचला नव्हता. शैलेश डॉक्टर वाचू लागले.

"रुग्णाचा ताठा केव्हापासून आहे?"

ठमाबाईने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. डॉक्टर विचारतायत म्हटल्यावर खरं सांगणं भाग होतं. "लगीन झालं तवापास्नं हाय. त्याच्या आदीचं सासूला म्हाईत."

"अं... म्हणजे किती वर्षं?"

"बावन्न."

डॉक्टरांनी बावन्न टाकले. संगणकाने लाल अक्षरांत नकार दिला. झटका दोन वर्षांपूर्वीचा आणि ताठा बावन्न वर्षांचा, हे त्याला पटेना. ठमाबाईला संगणकाचं नवल वाटलं. सगळ्या विचुंब्याला पटलेली गोष्ट.

"बरं, ते नंतर बघू. ताठा सकाळी जास्त असतो की संध्याकाळी?"

"पाव्हणं आले का जास्त."

"ताठ्यामुळे झोपमोड होते का?"

"माजी व्हते."

"आई!" हेतलने तोंडावर ओढणी धरली.

"मना काय बोलतंस, डाक्टरनं इचारलं," ठमाबाई म्हणाली.

"ए डाक्टर," बुधाजीशेठ खुर्चीतून गरजले, "ते हाताचं इचार. बाकीचं तुज्या पुस्तकात मावाचं नाय."

आशालताबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

शेवटी संमतीचा कागद. हेतलने वाचून दाखवला. काही रुग्णांना औषधाचं इंजेक्शन मिळेल, काहींना लवणद्रावण मिळेल. कुणाला काय मिळालं ते तीन महिने रुग्णालाही कळणार नाही आणि डॉक्टरांनाही.

"लवणद्रावण म्हंजे काय गो?" ठमाबाईने हळूच विचारलं.

"केमिकल असेल काहीतरी, आई," हेतल म्हणाली. ती कागदाच्या तिसऱ्या पानावर होती आणि पुढे अकरा पानं होती.

डॉक्टरांनी यावर सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या सांगण्यात 'रॅण्डम' आणि 'कंट्रोल' आणि 'प्लासिबो' असे शब्द आले आणि ठमाबाईने प्रत्येक शब्दाला आदराने मान हलवली. तिच्या मनाने केव्हाच निवाडा केला होता. एकाचं नाव नुसतं औषध आणि दुसऱ्याचं लवणद्रावण. ज्याचं नाव उच्चारताना जीभ अडते तेच भारी असणार. येताना गाडीतूनच तिने गावदेवीला हात जोडले. बाई गो, ह्येना लवणद्रावणच मिळू दे.

मोजणीचा दिवस ठरला. आता चारचौघांत हात दाखवायचा म्हणजे तो कसा दाखवायचा याची काही रीत असते. पहाटे ठमाबाईने गरम पाण्याच्या पिशवीने तासभर हात शेकला. तिळाचं तेल कोमट करून चोळलं. बोटं एकेक करून मोकळी केली, मनगटाला झुलवलं, पुन्हा शेकलं. जखमेवर स्वच्छ पट्टी, अंगावर इस्त्रीचा सदरा. आपल्या घरचा हात लोकांत ओंगळ दिसता कामा नये. दोन वर्षांत पडला नव्हता इतका तो हात त्या दिवशी मऊ पडला.

यंत्राने आकडा दिला बावीस.

"व्हेरी गुड, आजी!" शैलेश डॉक्टर म्हणाले. "ताठा फारच कमी आहे. म्हणजे आपल्या स्टडीत बसणार नाहीत."

ठमाबाईला आधी शाबासकीच वाटली. मग हेतलने सांगितलं तेव्हा अर्थ कळला. चाळीसच्या खाली म्हणजे इंजेक्शन नाही. इंजेक्शन नाही म्हणजे मूठ तशीच. आणि मूठ तशीच म्हणजे सुरी.

आशालताबाईंनी बुधाजीशेठचा हात उचलला, नाकाशी नेला. "तिळाचं तेल?"

"व्हय. पहाटपास्नं चोळतेय."

"अहो शैलेश, या बाईंनी तासभर शेकून आणलाय हात. आज कसला मोजताय?"

"मॅडम, तेलाचं मशीनला काही कळत नाही."

"तेच म्हणतेय मी."

यंत्राला नाक नव्हतं, आणि ही त्याची थोरवी होती. माणसाला नाक असतं म्हणून माणसाची मतं होतात. पण आशालताबाईंचं वय आणि आवाज दोन्ही मोठे होते. आठ दिवसांनी पुन्हा एकदा मोजायचं ठरलं. तीन वेळा मोजायचं आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा धरायचा, असं नियमावलीतच होतं. त्यात शैलेश डॉक्टरांनी नवा नियम पेनाने वाढवला. तेल नको, शेक नको, आदल्या तासाभरात चहा नको, झोप नको.

ते आठ दिवस ठमाबाईने हाताला हात लावला नाही. तिच्या जिवावर आलं. वास वाढला. आठव्या दिवशी बिनतेलाचा, बिनशेकाचा, लाकडासारखा हात घेऊन ती निघाली. हेतलला रजा नव्हती, म्हणून रिक्षाने. आणि गडबडीत जुन्या कागदांची फाइल ओटीवर राहिली. हॉस्पिटलात गेल्यावर समजलं. तिने हेतलला फोन लावला. हेतल म्हणाली, बघते, कुणाला तरी पाठवते.

आता हात लाकूड झाला होता खरा, पण शैलेश डॉक्टर बोलायला लागले. रुग्णाशी गप्पा माराव्यात, असं ते कुठेतरी शिकून आले होते. "काय बुधाजीशेठ, पूर्वी तुमचं मिठागर होतं म्हणे?"

झालं. दोन वर्षांत बुधाजीशेठना मिठागराबद्दल कुणी विचारलं नव्हतं. ते खुर्चीत मागे टेकले. भरतीचं पाणी दरवाजातून आत कसं घ्यायचं, ते बांध घातलेल्या या कोंडीतून त्या कोंडीत कसं फिरवायचं, मिठाचा पहिला तवंग पहाटे कसा दिसतो, सगळं सुरू झालं. "आन् मीठ वडाचं कसं, डाक्टर? सावकाश. लाकडी फळी अशी नुस्ती टेकवाची. घाई केलीस का खालचा चिखल वर येतो. मंग ते मीठ कोन खातंय? सावकाश वडलंस तर पांढरं, घाईनं वडलंस तर काळं." आणि बोलता बोलता तो लाकडी हात गादीसारखा सैल होत गेला.

पहिला आकडा एकतीस. दुसरा चौतीस.

आता एकच राहिला. ठमाबाई पडद्याच्या बाहेर बसली होती, नातेवाइकांना आत बसायची परवानगी नव्हती. तिला आकडे ऐकू येत होते आणि नवऱ्याचा आनंदी आवाजही ऐकू येत होता. एरवी बावन्न वर्षं हा माणूस ताठ, आणि आज गरजेला पाघळला होता.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. हातात फाइल घेऊन काशिराम उभा होता. एक पाय अजून किंचित ओढत.

"हेतलचा फोन आला, वयनी. घरी कोन नव्हता, म्हून मीच आलो. हितंच ठेवतो फाइल आन् जातो."

ठमाबाईने फाइल घेतली नाही. तिने पडदा बाजूला केला. आत मोटार सुरू व्हायची घरघर लागली होती.

"आवो," ती म्हणाली, "काशिराम आलाय."

एवढंच. बुधाजीशेठचं मिठागर अर्ध्या वाक्यात थांबलं. मान ताठ झाली, जबडा आवळला, डावी मूठ अशी मिटली की यंत्राचा पट्टा करकरला. मोटारने जोर लावला. हाताने त्याहून जास्त लावला. यंत्राच्या पडद्यावरची हिरवी रेघ डोंगरासारखी वर गेली.

आकडा आला एकाहत्तर.

मग शैलेश डॉक्टर कळवळून म्हणाले, "आजी, हा आकडा धरता येणार नाही! बाहेरचा प्रभाव आहे हा!"

"मग घरी काय असतं, शैलेश?" आशालताबाई म्हणाल्या. "हा माणूस कपाटात राहतो का? हात ज्या घरात आखडतो ते घरच आलंय दारात."

"पण प्रोटोकॉल..."

आशालताबाईंनी नियमावली उघडली आणि चष्मा चढवला. तेल नको, शेक नको, चहा नको, झोप नको. भाऊ नको असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. रुग्णाच्या भावासाठी फॉर्मात रकानाच नव्हता. नियमाप्रमाणे सर्वांत मोठा आकडा धरला गेला आणि बुधाजीशेठ सतरा नंबरचे रुग्ण झाले.

पुढच्या आठवड्यात हातात चार ठिकाणी सुई टोचली. सुईत काय आहे ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ठमाबाईने डोळे मिटून लवणद्रावणाचा जप केला.

पण नुसत्या सुईने भागणार नव्हतं. दिवसातून दोन वेळा हात ताणायचा, तीन महिने. आशालताबाईंनी करून दाखवलं. एकाने खांदा आणि कोपर धरून ठेवायचं, दुसऱ्याने मनगट वर करत बोटं उघडायची. "दोन माणसं लागतात, ठमाबाई. तुम्ही दोन वर्षं एकटीने केलंत, भाकरी तव्यावर ठेवून केलंत, घाईने. झटक्याने ओढलं की हा हात जास्त आवळतो."

मुलगा बंदरावर पाळीच्या नोकरीत, हेतल सकाळी आठला बाहेर. दुसरं माणूस कोण, याचा विचार ठमाबाईने हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरेपर्यंत केला आणि संध्याकाळी पाण्याच्या टाक्यांच्या मधून जाऊन मागचं दार वाजवलं.

"त्यो घरात पाय ठेवाचा नाय," बुधाजीशेठ म्हणाले.

"तुमच्या घरात नाय ठेवत. वटीवर बसल. तुमी वटीवर या."

"मी नाय यावाचा."

"मंग सुरी येल. तिला अक्षत लागत नाय."

बुधाजीशेठ ओटीवर आले.

पहिले पंधरा दिवस असे गेले की पाहणाऱ्याने तिकीट काढावं. काशिराम रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला यायचा, भावाचं मनगट हातात घ्यायचा आणि तुळशीकडे बघत राहायचा. ठमाबाई कोपर धरायची. बुधाजीशेठ आढ्याकडे बघायचे. बोलणं सगळं ठमाबाईच्या मार्फत.

"त्याला सांग, आंगठा सोडलाय त्यानं."

"वयनी, दादाला सांगा, आंगठा शेवटी घ्याचा, बाईंनी सांगितलंय."

"त्याला सांग, बाई मना पण सांगून गेलीय."

"वयनी, दादाला सांगा..."

"मी काय टेलिफोन हाय?" ठमाबाई एक दिवस म्हणाली. दोघेही उगाच एकाच वेळी खाकरले.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी काशिरामला कुठेतरी जायचं होतं. त्याने मनगट जरा झटक्यात वर घेतलं. मूठ खाडकन आवळली आणि बुधाजीशेठ कळवळून ओरडले :

"जल्लं तुजं! मीठ वडतंस का चिखल?"

एकोणीस वर्षांत भावाशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य. काशिरामने मनगट सोडलं नाही.

"वयनी," तो म्हणाला, "दादा मना बोल्ला."

"आयकलं मी. शिवी दिली."

"दिली ना!" काशिराम म्हणाला. कुठे जायचं होतं तिथे तो त्या दिवशी गेलाच नाही. त्याने पुन्हा सुरुवात केली, आणि या वेळी मनगट असं धरलं की जसा फळीचा दांडा. नुसतं टेकवायचं, भार द्यायचा नाही, पाणी हलू न देता आपल्याकडे घ्यायचं. दोघे भाऊ लहानपणी एकाच कोंडीत एकाच फळीने मीठ ओढायला शिकले होते. मोठ्याने धाकट्याला शिकवलं होतं, आणि घाई केली की टपली मारली होती. एकेक बोट चिखल न उठवता वर आलं. मूठ पाऊण उघडली आणि उघडी राहिली.

त्यानंतर रोज तसंच. मार्फत बोलणं बंद झालं आणि थेट भांडण सुरू झालं, त्यामुळे ठमाबाईला भाकऱ्या निवांत भाजता येऊ लागल्या. श्रावणात जखम सुकली. गौरी-गणपतीत मुठीत वात जाऊ लागली. नवरात्रात रुमाल गेला.

तीन महिन्यांनी पुन्हा यंत्र. आशालताबाईंनी मुद्दाम काशिरामला आत खुर्ची देऊन बसवलं. मोटार हळू फिरली, मग झटकन फिरली. आकडा आला चोवीस. यंत्राचं आणि रुमालाचं पहिल्यांदाच एकमत झालं.

शैलेश डॉक्टर उड्या मारायचेच बाकी होते. "एकाहत्तरवरून चोवीस! सगळ्या स्टडीत असा रिझल्ट नाही, आजी. औषधाची कमाल आहे!" त्यांनी बुधाजीशेठचा उघडा तळवा सहा बाजूंनी मोबाइलवर टिपला. त्या संध्याकाळीच कुठल्याशा परिषदेला त्यांनी कळवूनही टाकलं म्हणे.

आणि महिन्याभराने त्यांनी सगळ्यांना परत बोलावलं. चेहरा उतरलेला. कुणाला काय टोचलं होतं त्या बंद याद्या आता उघडल्या होत्या.

"आजी, सॉरी. आजोबांना औषध मिळालंच नव्हतं. लवणद्रावण मिळालं होतं."

ठमाबाईचा चेहरा उजळला. "मंग! मी देवीला तेच बोल्ले व्हते. तेच भारी ना?"

"नाही हो आजी... लवणद्रावण म्हणजे मिठाचं पाणी. नुसतं मिठाचं पाणी."

ठमाबाईने हेतलकडे पाहिलं, हेतलने फरशीकडे. बुधाजीशेठनी काशिरामकडे पाहिलं. चार पिढ्या मीठ पिकवणारं घर. मिठाला मीठ म्हणणारे, फार तर खारं पाणी म्हणणारे. त्यांना मीठ संस्कृतात भेटलं आणि ओळखू आलं नाही.

आधी हसला तो काशिराम. मग बुधाजीशेठ हसले, छाती हलेपर्यंत, आणि डावा हात त्या हसण्यात आपोआप गुडघ्यावर आपटला. "आरं डाक्टर, चाळीस वरसं त्याच पान्यात हुबा व्हतो मी. तवा माजा ताठा उतरला नाय, आन् तुज्या चार थेंबांनी उतरला?"

"म्हणूनच तर प्रॉब्लेम आहे, आजोबा," शैलेश डॉक्टर केविलवाणे म्हणाले. "हे कसं झालं ते कुठल्या रकान्यात टाकू?"

"पेन्सिलीने कडेला टाका," आशालताबाई म्हणाल्या.

ज्यांना नुसतं पाणी टोचलं गेलं त्यांना मागाहून औषध द्यायचं, असा नियम होता. बुधाजीशेठ म्हणाले, आता मना नको. ठमाबाई म्हणाली, "गप बसा. खारं झालं, आता खरं घ्या. फुकटचा ताठा नको." आणि त्यांनी ते घेतलं. त्याने आणखी थोडा फरक पडला, हे सांगायला हवं. औषध काही वाईट नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगायचं तर शैलेश डॉक्टर परदेशी गेले. त्यांचा लेख छापून आला, त्यात सतरा नंबरच्या रुग्णाखाली बारीक अक्षरांत टीप आहे : 'अन्य घटकांचा प्रभाव नाकारता येत नाही.' अन्य घटक विचुंब्यात मागच्या घरात राहतो आणि स्कूटर चालवतो. यंत्र अजून खांदा कॉलनीतच आहे. दोन वर्षांनी त्याच्या संगणकाच्या परवान्याची मुदत संपली, ती कुणी वाढवली नाही, त्यावर आता चादर घातलेली असते आणि चादरीवर फाइली. आशालताबाई निवृत्त झाल्या आणि दोन गल्ल्या सोडून तळमजल्याच्या एका खोलीत बसू लागल्या. येणाऱ्या बायकांना त्या पहिल्या दिवशी रुमाल, वात आणि काडी घेऊन यायला सांगतात. हेतल कुठलाही कागद आता शेवटच्या पानापर्यंत वाचते आणि अर्थ न कळलेल्या शब्दावर बोट ठेवून समोरच्याला घाम फोडते.

पंचवीसच्या माघात काशिरामच्या नातीचं, मनस्वीचं लग्न निघालं. अक्षत घेऊन तो स्वतः आला, टाक्यांच्या मधून, एवढं वीस पावलांचं अंतर, पण नवा सदरा घालून. बुधाजीशेठच्या उजव्या हातात काठी होती. त्यांनी डावा पुढे केला. ओटीवरच्या म्हाताऱ्या कुजबुजल्या, डाव्या हातात अक्षत? "ह्योच अडला व्हता," बुधाजीशेठ म्हणाले, आणि सुपारीसकट अक्षत मुठीत घेतली. किती आकड्याने मूठ उघडली ते त्या दिवशी कुणी मोजलं नाही. लग्नात मानाच्या खुर्चीवर ते शेवटपर्यंत बसले आणि जेवण उशिरा वाढलं म्हणून व्याह्यांवर ओरडले. त्याच वर्षीच्या भाद्रपदात, दुसऱ्या झटक्याने, झोपेत गेले. विमान उतरलं ते त्यानंतर.

काशिराम अजून पाचच्या ठोक्याला ओटीवर येतो. ओढायला काही नसतं, म्हणून चहा पितो आणि वहिनीशी भांडतो. ठमाबाईने तो रुमाल धुऊन कपाटात ठेवला आहे. तिला विचाराल तर तशी बरी आहे, गुडघे दुखतात. फक्त आमटी आळणी झाली की ताटावरून हेतलला म्हणते, "बाय, लवणद्रावण जरा कमी पडलंय."